दॉन वेनची नऊची गाडी

९ जानेवारी, गुरुवार

मेरिलचा फोन आला. वीस फेब्रुवारीला येतेय, दहा दिवसांसाठी. कॅलगरीत तिच्या घराजवळ विसर पडणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे, तिथे तिने तिच्या बाबांचं, वेंडेलचं नाव घातलंय. मार्चमध्ये जागा रिकामी होईल. "मी येते, बघते, मग ठरवू, आई," म्हणाली. मेरिल 'ठरवू' म्हणते तेव्हा ठरलेलं असतं. हे ती माझ्याकडूनच शिकली.

निवासाची माहितीही पाठवली आहे. खोलीला मोठी खिडकी, तिची काच उघडत नाही. नवराबायकोने एकत्र राहायची सोय नाही. म्हणजे लग्नाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी त्याला रविवारी दोन ते चार भेटायला जायचं. मला ते नको आहे. इतकं सरळ मी मेरिलला सांगू शकत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्याजवळ सहा आठवडे आहेत. तिला दिसलं पाहिजे की या परक्या देशातल्या डोंगरगावात, लोमितात, आमचं उत्तम चाललंय. गावात अजून कुणाला काही कळलेलं नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. ऑक्टोबरात राजधानीतल्या, सान होसेच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, ते मी अजून तोंडाने उच्चारलेलं नाही. लोकांना एवढंच माहीत आहे की दॉन वेनना शुगर आहे आणि त्यासाठी ते चालतात. (चार वर्षांत 'वेंडेल' कुणालाच जमलं नाही. मीही आर्डिसची दोन्या आर्दी झाले. दॉन आणि दोन्या म्हणजे इथले राव आणि बाई.) शाळेच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांची गुपितं सांभाळली. नवऱ्याचं एक सांभाळायला काय जड आहे.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी कुंपणापलीकडून "उऽपे!" इथे दार कोणी वाजवत नाही, रस्त्यावरूनच उपे ओरडतात, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या ओदिलिएची हाक तर नदीपलीकडे जाते. शेजारी वेंडेल, हातात पिशवी.

"दोन्या आर्दी, रागावू नका हं. दॉन वेनना मी कामाला लावलं. ही पिशवी माझ्याच्याने उचलेना."

पिशवीत दोन कच्ची केळी होती.

"आणि ही केळी कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच. घ्या, ठेवून घ्या. आमच्या झाडाला उतू चाललीत."

आठवड्याभरातली ही तिसरी खेप. परवा त्याच्याकडून कोथिंबिरीची जुडी वाहून घेतली होती. हिच्या दुकानात दोन दांडगे पुतणे तांदळाची पोती पाठीवर टाकतात, आणि हिला केळी उचलायला चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस लागतो. बाई मनाने वाईट नाही, पण गोड बोलून काम काढून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

एक चांगली गोष्ट नोंदवून ठेवते, मेरिलला दाखवायला. वेंडेल नऊला बाहेर पडतो आणि साडेदहाला परत येतो. रोज, न चुकता. वेळेचं भान गेलेल्या माणसाला हे जमेल का? येतो तेव्हा चेहरा उजळलेला असतो, आणि भूकही लागलेली असते.

बोलतो मात्र जुन्याच जगातलं. आज म्हणाला, "पुलाच्या उतारावर ब्रेक तापत होते. मी सांगितलं त्याला, गिअर खाली घे." मायदेशी सॅस्काटूनमध्ये एकतीस वर्षं सिटी बस चालवली, ती डोक्यातून जात नाही. सपाट गाव ते, तिथे कुठला आला उतार. मी म्हटलं, "बरं केलंस."

लोमितावरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने, उल्दारिकोने, एक खूळ डोक्यात घेतलंय. साडेदहाला आमच्या फाटकासमोर दोनदा हॉर्न वाजवतो. मी एकदा बाहेर जाऊन सांगितलं, की बाबा, घरात म्हातारा माणूस आहे, जरा कमी वाजव. "हो दोन्या, का नाही," म्हणाला, हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा.

२२ जानेवारी, बुधवार

वेंडेल आज नऊला गेला नाही. बस बंद होती म्हणे, कसलासा संप. तो घरात येरझाऱ्या घालत राहिला आणि मी कपडे वाळत घालते तोवर निघून गेला. दोन तासांनी खाली हमरस्त्यावर सापडला, ट्रकच्या रांगेत, हात करून ट्रक थांबवत होता. डेलबर्टने गाडीत घालून आणला.

डेलबर्ट टेक्सासचा. वरच्या टेकडीवर राहतो, जिथे सगळे आमच्यासारखे बाहेरूनच आलेले. या देशात येऊन त्याला बारा वर्षं झाली, तेव्हा सल्ला दिल्याशिवाय तो चहाही पीत नाही.

"भिंत घाल, आर्डिस. आठ फूट, पत्र्याचं बंद फाटक, कुलूप, बेल. आमच्याकडे सगळ्यांनी तेच केलंय. तुझं हे तारेचं कुंपण म्हणजे गावासाठी खिडकी. माणसं गोड आहेत, पण येता-जाता बघत बसतात."

तो सांगतो ते मला आवडत नाही, पण आज पटलं. मेरिलला पहिलं काय दिसेल? तारेचं कुंपण. भिंत दिसली तर निदान तिला वाटेल की आईने विचार केलाय.

२७ जानेवारी, सोमवार

काम गुरुवारपासून सुरू आहे. गवंडी नेलो शेजारच्याच गल्लीतला. पाया खणून झाल्यावर टोपी काढून उभा राहिला.

"दोन्या, एवढी उंच केली तर हाक कशी ऐकू जायची?"

"बेल लावतेय ना."

"बेल," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "छातीपर्यंत करूया का? दिसायलाही बरी दिसेल."

मी म्हटलं, आठ फूट. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." आणि करतोय.

संध्याकाळी निम्मं गाव भिंत बघून गेलं. मला धास्ती होती, पण एकानेही नावं ठेवली नाहीत. "मजबूत आहे," म्हणाले. "किती सरळ." ओदिलिए बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. "दॉन वेन आतच चालणार का आता?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, अंगण मोठं आहे. "छान," म्हणाली. चार वर्षांत आपण इथे रुजलो म्हणायचं. आपल्या कामात कुणी नाक खुपसत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंत पुरी झाली. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात.

नऊ वाजता वेंडेल टोपी घालून फाटकापाशी गेला. कडी हलवली. मग तिथेच उभा राहिला, हात मागे बांधून. बाहेर हॉर्न वाजला, बस मिनिटभर थांबली आणि गेली. तो परत आला आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला, जसा वरिष्ठांसमोर राहत असे.

"माझं काय चुकलं, ते मला लेखी द्या," तो म्हणाला. "एकतीस वर्षांत माझ्यावर एक तक्रार नाही. मला कशासाठी घरी बसवलंय?"

मी म्हटलं, वेंडेल, मी आर्डिस आहे. तो म्हणाला, "ते ठीक आहे, बाई. पण लेखी द्या."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे मेरिलला दाखवायच्या नोंदींत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस झाले, बेल एकदाही वाजलेली नाही. आज मी स्वतः बाहेर जाऊन दाबून पाहिली. चांगली खणखणीत वाजते.

ओदिलिए नाही, नेलोची आई नाही, चर्चच्या वर्गणीचेसुद्धा कुणी नाही. बोललं कुणी काही नाही, पण मनात धरलेलं दिसतं. चार वर्षं यांच्या लग्नांना गेले, मयतांना गेले, तामालची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुड्यांची, पानं बांधायला बसले. एक भिंत घातली तर सगळं पुसलं गेलं. वेंडेल जेवत नाही. नऊ ते साडेदहा फाटकापाशी उभा असतो. रोज तिथे टेकून उभं राहिल्याने पत्र्यावर त्याच्या खांद्याच्या उंचीला एक चकचकीत डाग पडलाय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाव संपला म्हणून दुकानात गेले. वेंडेलला झोप लागली होती. ओदिलिएने पाव द्यायच्या आधी विचारलं, "कसे आहेत?" मागे उभ्या दोघी बायकाही पुढे सरकल्या.

मी म्हटलं, "बरे आहेत. तुम्ही कुणी फिरकलाच नाहीत."

"अहो, आम्ही आलो की. गुरुवारी मी आले, शुक्रवारी नेलोची आई तामाल घेऊन आली. आम्ही उपे करत राहिलो. रविवारी तर चौघी होतो, अगदी कोरस."

"मग बेल का नाही वाजवली?"

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी ओदिलिए म्हणाली, "बेल मीटरवाला वाजवतो, दोन्या. नाहीतर ते धर्माची पत्रकं वाटणारे. ओळखीच्या माणसाने बेल वाजवायची म्हणजे... तुम्हाला राग येईल असं वाटलं."

तामालचं काय केलं, विचारलं. म्हणाल्या, बाहेरच बसून खाल्ले. मला हसू आलं. मागच्या अंगणात, पंख्याच्या आवाजात, मला हाक कुठून ऐकू जाणार. आठ फुटांचा खर्च मी करून बसले आहे आणि मेरिल आठ दिवसांवर. आता पाडायची म्हणजे तिच्यापुढे काय तोंड घेऊन उभी राहू?

१६ फेब्रुवारी, रविवार

पलंगावरून लिहिते आहे. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

काल सकाळी आठच्या सुमारास मागच्या धुण्याच्या टाकीपाशी घसरले. पाय अंगाखाली दुमडला आणि आतून काहीतरी तुटल्याचं कळलं. फोन स्वयंपाकघरात. वेंडेलला हाका मारल्या, तो आला. म्हटलं, फोन आण. तो उशी घेऊन आला. पुन्हा सांगितलं, तर माझा चष्मा आणला. तिसऱ्यांदा गेला तो परतलाच नाही. मी ओरडून पाहिलं. माझा आवाज भिंतीला लागून माझ्याकडेच परत येत होता.

तासभर तरी गेला असेल. मग नऊचा हॉर्न वाजला. आणि पत्र्याच्या फाटकावर धडाधड आवाज सुरू झाला. वेंडेल मगाने फाटक बडवत होता. त्याचा आवाज आला, मी दोन वर्षांत ऐकला नव्हता असा, खालच्या पट्टीतला आणि अगदी स्थिर:

"ड्रायव्हर, गाडी थांबवा. महिला प्रवासी पडली आहे. शुद्धीवर आहे. पाय मोडल्याची शक्यता. रुग्णवाहिका मागवा. मी प्रवाशापाशी थांबतो."

सगळं इंग्रजीत. उल्दारिकोला इंग्रजीचा गंध नाही. वेंडेल मात्र परत आला, कोट काढून माझ्या डोक्याखाली घातला, बाजूला जमिनीवर बसला आणि म्हणाला, "हलू नका, बाई. मदत निघाली आहे."

किल्ली माझ्या खिशात, फाटक बंद. पंधरा मिनिटांत नेलो शिडी लावून त्यानेच बांधलेल्या भिंतीवरून आत उतरला. त्याच्यामागे उल्दारिको, दुकानातले दोघे पुतणे आणि बसमधले अनोळखी तिघे. बस भर रस्त्यात उभी होती. तिच्यातली माणसं बाजाराला उशीर करून माझ्यासाठी थांबली होती.

दवाखान्यात मी उल्दारिकोला विचारलं, तुम्हाला कळलं कसं?

"शब्द नाही कळले, दोन्या. आवाज कळला. दॉन वेन माझ्यामागे रोज बसतात, एवढ्या दिवसांत असा आवाज काढला नव्हता."

"रोज कुठे बसतात?"

तो खाली बघायला लागला. ओदिलिए म्हणाली, "आता सांगून टाक रे."

तर असं आहे. दीड वर्ष वेंडेल नऊच्या बसने खाली बाजारापर्यंत जातो आणि त्याच बसने वर येतो. ड्रायव्हरच्या मागची जागा त्याची. हॉर्न दोनदा वाजवायचा तो माझ्यासाठी: माणूस पोचवला, बघा. बस चुकली किंवा तो अवेळी बाहेर पडला तर ओदिलिए त्याला रस्त्यात गाठते आणि हातात काहीतरी देते, म्हणजे परत यायला निमित्त होतं. उतारावर ब्रेक खरंच तापतात.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"माझ्या बापाला होतं तेच. सहा वर्षं," ओदिलिए म्हणाली. "दॉन वेननी दुकानात येऊन तिसऱ्यांदा तोच पाव मागितला, तेव्हाच ओळखलं."

मला राग आला. लाज वाटली म्हणून राग आला, हे आज कळतंय. "मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही कुणाला कळू देत नव्हता, दोन्या. मग आम्हाला कळलंय हे तुम्हाला कसं कळू द्यायचं? बरं दिसलं असतं का ते?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेरिल आली. आधी माझं प्लास्टर पाहिलं, मग भिंत, मग भिंतीला अजून टेकवलेली शिडी. वेंडेलने तिच्याशी हात मिळवला. "प्रवास ठीक झाला ना?" विचारलं. ती हो म्हणाली आणि बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून होती.

मी काही लपवलं नाही. लपवायला उरलंही नव्हतं.

"आई, तू भिंतीआड तासभर पडून होतीस," ती म्हणाली. "आता तरी ऐक."

२४ फेब्रुवारी, सोमवार

मेरिल त्याच्याबरोबर नऊच्या बसने गेली. परत आली आणि माझ्या पलंगाच्या कडेवर बसली.

"बाबा वळण आलं की हात वर करतात. तो ड्रायव्हर दर वळणाला वेग कमी करतो. मी मोजली, चोवीस वळणं. एकदा बाबा मध्येच उतरायला निघाले, तर चार माणसं काही न बोलता दारात जाऊन उभी राहिली, जणू त्यांनाच उतरायचंय. मग सगळे परत बसले."

मी म्हटलं, हो, तसेच आहेत ते.

"आणि ओदिलिए किती वर्षांची आहे?"

"एकोणसत्तर."

"उल्दारिकोला निवृत्त व्हायला किती वर्षं?"

मला माहीत नव्हतं. मग तिने विचारलं, वेंडेल अंथरुणाला खिळेल तेव्हा काय. तिने वाद घातला असता तर मी भांडले असते. तिने वाद घातला नाही, नुसती विचारत राहिली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

निवासाला आज कळवायचं होतं. मेरिल अंगणात फोन घेऊन फिरत होती, मी खिडकीतून बघत होते. आत आली.

"जागा पुढच्या माणसाला द्या म्हटलं. नाव यादीत राहील."

मी तिचा हात धरला, तिने काढून घेतला.

"थांब. ऑक्टोबरात तुला कळलं होतं. नाताळात मी फोन केला, तेव्हा तू म्हणालीस बाबा शब्दकोडं सोडवतायत. मी इतक्या लांब आहे, आई, मला तुझ्या शब्दाशिवाय काही नाही. दर रविवारी पाच वाजता मी फोन करणार. जे असेल ते सांगायचं. एकदा जरी खोटं बोललीस आणि मला कळलं, तर त्याच आठवड्यात येऊन त्यांना घेऊन जाईन."

ती हे करेल. ती माझीच मुलगी आहे.

४ मार्च, मंगळवार

मेरिल परवा गेली. नेलो भिंत छातीपर्यंत उतरवतोय. एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. साडेदहानंतर वेंडेल त्याच्या हातातून विटा घेतो. काही विटा पुन्हा भिंतीवर नेऊन ठेवतो. नेलो त्या पुन्हा काढतो.

९ मार्च, रविवार

आज मेरिलचा रविवारचा पहिला फोन यायचा होता, आणि आजच असा दिवस उजाडला.

रविवारी बस नसते. सकाळी उठल्यापासून वेंडेलने मला ओळखलं नाही. अधूनमधून नेहमीच होतं, पण आज दिवसभर. माझ्या हातचं खाईना. मी जवळ गेले की घाबरून बाजूला व्हायचा. परक्या घरात परक्या बाईबरोबर आपण का आहोत, हे त्याला कळेना. दुपारी ओदिलिए आली, तिच्या हातून दोन घास भात-घेवडा खाल्ला. मग दोघं अंगणातल्या बाकावर बसून राहिले, तो तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता.

पाच वाजता फोन वाजला. "कसे आहेत बाबा?"

'ठीक' म्हणायची इतकी सवय आहे की शब्द आपोआप तोंडात येतो. तोंडात आला होता. हे सांगितलं तर ती तिकीट काढेल, असंही मनात आलं. मग म्हटलं, "मेरिल, आज सकाळपासून त्याने मला ओळखलेलं नाही. मला घाबरतो. माझ्या हातचं खात नाही."

मला वाटलं, संपलं.

"आता कुठे आहेत?"

"अंगणात. ओदिलिएला तेच तेच सांगतोय, की मला आता घरी गेलं पाहिजे. बायको शिस्तीची आहे, उशीर झाला की काळजी करत बसते."

पलीकडून हसण्याचा आवाज आला की रडण्याचा, मला कळलं नाही.

"मग जाऊन सांग ना त्यांना," मेरिल म्हणाली.

"काय सांगू?"

"की ती वाट बघतेय."

फोन तसाच टेबलावर ठेवून मी कुबडी घेतली आणि बाहेर गेले. ओदिलिए मला बघून उठली. मी वेंडेलपासून दोन हात लांब उभी राहिले, म्हणजे तो घाबरू नये.

"दॉन वेन," मी म्हटलं, "तुमची बायको वाट बघतेय."

त्याचा सगळा चेहरा मोकळा झाला. उठला, कोटाची बटणं लावली. मग माझ्या प्लास्टरकडे त्याचं लक्ष गेलं, आणि त्याने आपला हात पुढे केला.

"सावकाश चला, बाई," तो म्हणाला. "तुम्हालाही त्याच बाजूला जायचं असेल, तर धरा मला."

मी धरला. अंगण दहा-बारा पावलांचं आहे. मला वेळ लागत होता, तो थांबत थांबत चालला, आणि त्याने मला घरी आणलं.